नवीन समुद्री मासे विलगीकरणात ठेवताना परजीवींवर औषध कोणते, किती आणि किती दिवस?

खारट_पुणेरी (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्यातील दोन खोल्यांच्या घरात गेली दीड वर्षे मी सुमारे ३५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळत आहे. टाकीत प्रवाळ नाहीत; मासे, कोरडे आणून बसवलेले खडक आणि तळाशी प्रवाळ-वाळूचा पातळ थर, एवढेच आहे. दीड वर्षात दोन ऑसेलॅरिस क्लाउनफिश, दोन हिरवे क्रोमिस आणि एक हेनिओकस असे पाच मासे एकेक करून आले, सुदैवाने पाचही टिकले आणि त्यामुळे नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा हे वाचून माहीत असूनही मी ते कधी केले नाही.

गेल्या महिन्यात मुंबईतील एका दुकानातून पावडर ब्लू टँग आणला. दुकानात त्याच्या अंगावर एकही डाग नव्हता आणि तो भराभर खात होता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो खडकाला अंग घासू लागला. पाचव्या दिवशी वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतासमोर तोंड करून तो तासन्‌तास उभा राहू लागला आणि दिवा लागला की खडकामागे जाऊ लागला. सहाव्या दिवशी सकाळी टॉर्च तिरपा धरून पाहिले, तेव्हा त्याच्या निळ्या अंगावर पिठी चाळावी तसा बारीक, किंचित पिवळसर थर दिसला. दुकानदाराने फोनवर ‘व्हाइट स्पॉट आहे, तापमान वाढवा आणि खाण्याला लसणाचा रस लावा’ असे सांगितले. मी दोन्ही केले. सातव्या दिवशी टँग गेला, आठव्या दिवशी दोन्ही क्रोमिस गेले आणि नवव्या दिवशी हेनिओकस गेला. दोन्ही क्लाउनफिश अजून जिवंत आहेत व खातही आहेत, मात्र त्यांतील मोठ्या मादीचा श्वास नेहमीपेक्षा जलद वाटतो.

माझ्याकडे ६० लिटर पाणी मावेल अशी काचेची एक रिकामी टाकी, हीटर आणि एअरपंप आहे. हा आजार नक्की कोणता होता, उरलेल्या दोघांवर काय उपचार करावेत आणि मुख्य टाकी किती दिवस रिकामी ठेवावी, हे कृपया सांगावे. आणखी एक शंका आहे. परजीवींवर तांब्याचे औषध चालते असे सगळीकडे वाचायला मिळते, पण आयात केलेले औषध येथे महाग पडते व वेळेवर मिळत नाही. तासगावला आमची द्राक्षबाग असल्यामुळे फवारणीसाठी आणलेला मोरचूद घरात आहे. तो वापरता येईल का?

कल्ले_आणि_पर, ठाणे

आपण लक्षणे दिवसवार लिहिली हे फार बरे केले, कारण निदान त्या क्रमातच आहे. हा व्हाइट स्पॉट नसावा. हा व्हेल्वेट, म्हणजे अमायलोऊडिनियम ओसेलॅटम, असावा असे माझे मत आहे. व्हाइट स्पॉटचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, अंगावर मिठाच्या कणांसारखे सुटे, मोजता येतील असे ठिपके देतो. ते दोन-चार दिवस दिसतात, गळून पडतात आणि काही दिवसांनी अधिक संख्येने परत येतात, त्यामुळे निष्काळजी माणसालाही विचार करायला थोडा अवधी मिळतो. व्हेल्वेट तो अवधी देत नाही. तो आधी कल्ल्यांत बसतो आणि कल्ल्यांची नाजूक पाती निकामी करतो, म्हणून मासा ऑक्सिजनसाठी झोतासमोर उभा राहतो, उजेड टाळतो आणि अंगावर ती सोनेरी पिठी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. अनेक मासे तर अंगावर काहीही न दिसता मरतात. तीन दिवसांत चार मासे जाणे हे त्याचेच चाल-चलन आहे.

तापमान वाढवण्याचा सल्ला येथे उलट पडला असणार, कारण उबदार पाण्यात परजीवीचे जीवनचक्र वेगाने फिरते आणि त्याच पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. लसणाविषयी माझी तक्रार नाही, खाण्याची रुची वाढते असे पुष्कळ जण म्हणतात. पण त्याने कल्ल्यांतील परजीवी मरत नाही.

आता उपचार. क्लाउनफिश वाचले म्हणजे ते निरोगी आहेत असे समजू नका. श्वास जलद असेल तर परजीवी त्यांच्या कल्ल्यांत आजही आहे. दोघांनाही आजच ६० लिटरच्या टाकीत हलवा. त्या टाकीत वाळू नको, खडक नको, कार्बन (पाणी गाळायचा सक्रिय कोळसा) नको; पीव्हीसी पाईपचे एल्बो आणि टी एवढेच लपायला ठेवा. तांबे वाळू आणि खडक शोषून घेतात व पाण्यात किती उरले याचा हिशेबच लागत नाही.

तांब्याचे काम कसे चालते हे समजून घेतले तर दिवसांचा हिशेब पाठ करावा लागत नाही. या दोन्ही परजीवींच्या तीन अवस्था असतात: माशाच्या अंगावर पोसणारी, तळाशी कवचात बसून विभागणारी आणि पाण्यात पोहत नवा मासा शोधणारी. तांबे फक्त या शेवटच्या, पोहणाऱ्या अवस्थेला मारते. अंगावर बसलेल्याला ते फारसे इजा करीत नाही आणि कवचातल्याला तर अजिबात नाही. व्हेल्वेटच्या एका कवचातून २५६ पर्यंत पोहणारे जीव बाहेर पडू शकतात, म्हणून पातळी एक दिवस जरी खाली गेली तरी तेवढ्या वेळात ते पुन्हा कल्ल्यांपर्यंत पोहोचतात आणि सगळी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. पातळी सलग राखून मासे त्याच टाकीत राहणार असतील तर ३० दिवस मोजा. दुसरी कोरडी, स्वच्छ टाकी तयार असेल तर १४ दिवसांनी मासे तिच्यात हलवून तांबे थांबवता येते, कारण तोवर अंगावरचे सर्व परजीवी गळून पडलेले असतात आणि कवचे जुन्या टाकीत राहतात.

मुख्य टाकीत एकही मासा न ठेवता व्हेल्वेटसाठी ६ आठवडे पुरतात. मात्र पूर्वी क्रिप्टोकॅरिऑनही आलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून मी आपल्या जागी असतो तर ७६ दिवस थांबलो असतो. हा विचित्र वाटणारा आकडा प्रयोगशाळेत कवचातून ७२ दिवसांनी परजीवी बाहेर आल्याच्या एका टोकाच्या नोंदीवरून आला आहे. टाकी २७ अंशांवर ठेवा आणि चार-पाच दिवसांनी चिमूटभर खाणे टाकत राहा, नाहीतर माशांच्या मलमूत्रातून व उरलेल्या खाण्यातून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू उपाशी मरतील आणि तिसऱ्या महिन्यात आपल्यापुढे नवेच संकट उभे राहील.

एक गोष्ट बहुतेक जण दुर्लक्षितात. विलगीकरणाची टाकी मुख्य टाकीपासून निदान तीन मीटर दूर हवी. हवेच्या बुडबुड्यांमुळे उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर अमायलोऊडिनियम एवढे अंतर जाऊ शकतो, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे, आणि आपल्याकडे तर वर पंखा फिरत असतो. दोन खोल्यांच्या घरात एक टाकी एका खोलीत आणि दुसरी दुसऱ्या खोलीत, हाच व्यवहार्य मार्ग. जाळी, नळी, बादली आणि टॉवेल वेगळे ठेवा आणि रोज आधी मुख्य टाकीचे काम उरकून मगच विलगीकरणाच्या टाकीला हात लावा.

राग मानू नका, पण ३५० लिटर ही पावडर ब्लूसाठी जागा नाही. हा मासा २० सेंटीमीटरच्या पुढे वाढतो, दिवसभर फिरतो आणि ताण आला की परजीवींना सर्वांत आधी बळी पडतो. पुढचा मासा निवडताना हे लक्षात ठेवावे.

मोरचूद_आणि_चुना, रत्नागिरी

मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता सुपारीच्या बागेत कोळेरोगावर दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण फवारतो, त्यामुळे आपल्या मोरचुदाच्या प्रश्नावर बोलण्याचा मला दुहेरी अधिकार आहे असे मी धरून चालतो.

मोरचूद म्हणजे पाच रेणू पाणी धरलेले कॉपर सल्फेट. त्यात सुमारे २५.४ टक्के तांबे असते आणि तत्त्वतः तेच औषध आहे. परंतु बागेतील मोरचूद टाकीसाठी वापरू नका. शेतीच्या प्रतीत इतर धातूंची अशुद्धी किती आहे याची कोणी हमी देत नाही, आणि पानावर ती चालून जाते तरी कल्ल्यांवर चालेलच असे नाही. प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध प्रतीचे कॉपर सल्फेट लहान बाटलीत मिळते व एक बाटली आपल्याला जन्मभर पुरेल.

किती पुरेल, हे आकड्यांत पाहा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. आपल्या ६० लिटरच्या टाकीला प्रतिलिटर ०.१८ मिलिग्रॅम तांब्यासाठी एकूण फक्त ४२ मिलिग्रॅम मोरचूद लागतो. चिमटीत धरलेला एक खडा याच्या कितीतरी पट असतो. थेट खडा टाकणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे मासेही पाहिले आहेत. म्हणून आधी द्रावण करा: ३.९३ ग्रॅम कॉपर सल्फेट १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले की त्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये बरोबर १ मिलिग्रॅम तांबे येते. ६० लिटरला १०.८ मिलिलिटर झाले. हे एकदम न घालता दोन दिवसांत चार भागांत घाला आणि प्रत्येक भागानंतर मोजा.

साध्या, आयनिक तांब्याची परिणामकारक पातळी प्रतिलिटर ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्टीत असते. ०.१५ च्या खाली परजीवी वाचतो आणि ०.२५ च्या पुढे मासा संकटात येतो. बाजारातील कॉपर पॉवरसारखी बांधलेल्या (म्हणजे दुसऱ्या रेणूंशी जोडून ठेवलेल्या) तांब्याची औषधे २.० ते २.५ या पातळीवर वापरतात आणि ती पाण्यात बरीच स्थिर राहतात. या दोन पट्ट्यांची गल्लत जीवघेणी आहे: बांधलेल्या तांब्याचा आकडा वाचून साधा मोरचूद त्या पातळीवर नेला तर मासा एका दिवसात मरेल. दोन्ही प्रकार एकत्रही करू नका. मोजण्यासाठी रंग जुळवायच्या पट्ट्यांवर विसंबू नये; डिजिटल चेकर घ्यावा, पण कोणता हेही पाहावे. हॅना कंपनीचा जास्त पल्ल्याचा चेकर, ज्याची मर्यादा ५ मिलिग्रॅमपर्यंत आहे, तो बांधलेल्या तांब्यासाठी उत्तम आहे, मात्र त्याची अचूकता ०.०५ इतकी असल्याने आपल्या अरुंद पट्टीसाठी तो निरुपयोगी ठरतो. साधे तांबे वापरणार असाल तर कमी पल्ल्याचा, ९९९ पीपीबीपर्यंतचा (म्हणजे प्रतिलिटर ०.९९९ मिलिग्रॅमपर्यंतचा) चेकर लागेल. दोन चेकरांच्या आणि आयात औषधाच्या किमती शेजारी ठेवून पाहिल्या, तर नवशिक्याने बांधलेले तांबेच वापरावे, असे माझ्यासारख्या मोरचूदवाल्याचेही मत होते.

साध्या तांब्याची पातळी रोज घसरते. बोर्डोत चुना घातला की तांबे द्रावणातून बाहेर पडून बारीक निळसर गाळ होते; समुद्राचे पाणी अल्कधर्मी आणि कार्बोनेटयुक्त असल्याने तेच येथे संथपणे घडते. म्हणून दिवसातून दोनदा मोजा आणि जेवढी घट तेवढेच भरा. पाणी बदलताना नवीन पाण्यात तांबे आधीच मिसळा: २० लिटर बदलणार असाल तर बादलीत ३.६ मिलिलिटर द्रावण घाला, मगच ते पाणी टाकीत ओता.

विलगीकरणात मासे बहुधा परजीवीने मरत नाहीत, अमोनियाने मरतात. ६० लिटरच्या उघड्या काचेत जिवाणूंना जागा नसते आणि तांबे त्यांची वाढ सुरुवातीला मंदावते. त्यामुळे स्पंज फिल्टर मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (तिला जोडलेल्या, पाणी गाळण्याच्या टाकीत) चार ते सहा आठवडे आधीपासून ठेवून मुरवावा लागतो. आपल्याकडे आता तो वेळ नाही आणि मुख्य टाकीतला स्पंज वापरला तरी मासे तेथूनच येत असल्याने नवीन धोका नाही, म्हणून तो निःशंक हलवा. अमोनिया दिसला तर पाणी बदला. अमोनिया ‘बांधणारी’ क्लोरीननाशक औषधे तांब्याबरोबर टाकू नका. त्यांतील क्षपणकारक पदार्थ तांब्याला अधिक विषारी रूपात नेतात.

फॉर्मेलिनचा (फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाचा) उल्लेख कोणी करण्याआधी मीच करतो. व्हेल्वेटवर तो पहिला पर्याय नाही. पण क्लाउनफिशच्या अंगावर साबणाच्या फेसासारखी चिकट साल सुटू लागली तर तो ब्रुकलिनेला हा वेगळा परजीवी समजावा. त्याच्यावर तांब्याचा भरवसा नाही आणि फॉर्मेलिनचेच स्नान लागते. १० लिटर पाण्यात १.५ मिलिलिटर, म्हणजे १५० पीपीएम, ४५ ते ६० मिनिटे, जोरदार हवा सोडून. हातमोजे घाला, खिडकी उघडा आणि तळाशी पांढरा साका बसलेली बाटली फेकून द्या, कारण तो साका माशांना मूळ औषधापेक्षा घातक असतो. २०१८ मध्ये गोव्यात मासळीतील फॉर्मेलिनवरून जो गदारोळ झाला तो आठवत असेल. हे द्रव्य कर्करोगकारक आहे आणि स्वयंपाकघरात ते उघडू नये.

संथ_प्रवाह, दुबई

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी प्रत्येक नव्या माशाला सरसकट तांबे देण्याच्या प्रथेशी मी सहमत नाही. नऊ वर्षांत मी मँडरिन, लहान रॅस आणि लांब तोंडाचे बटरफ्लायफिश ठेवले आहेत. हे मासे आधीच खायला कुरकुरतात आणि तांब्यात त्यांची उरलीसुरली भूकही जाते. प्रवासातून अर्धमेला होऊन आलेल्या माशाला पहिल्याच दिवशी विषारी धातूत सोडणे मला अघोरी वाटते.

माझी पद्धत वेगळी आहे. व्हाइट स्पॉटसाठी मी टाकी-बदल करतो: दर ७२ तासांनी मासा कोरड्या, स्वच्छ टाकीत आणि पूर्णपणे नव्या पाण्यात हलवायचा, असे चार वेळा. अंगावरून गळालेला परजीवी कवचातून फुटून बाहेर येण्याआधीच मासा तेथून गेलेला असतो. रसायन लागत नाही आणि अमोनिया साचायलाही वेळ मिळत नाही. त्यानंतर चपट्या कृमींसाठी प्रॅझिक्वांटेल, आणि मग चार आठवडे केवळ निरीक्षण व भरपूर खाणे.

खाण्याबद्दल एक अनुभव सांगतो. मागच्या हिवाळ्यात आणलेला बटरफ्लायफिश सहा दिवस गोठवलेल्या मायसिसकडे (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या खाण्याकडे) वळूनही पाहीना. रत्नागिरीकडच्या आईच्या सांगण्यावरून बाजारातून तिसऱ्या (खाण्याचे लहान शिंपले) आणल्या, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि एक अर्धी उघडून, शिंपल्यासकट तळाशी ठेवली. वीस मिनिटांत त्याने चोच घालून आतले मांस टोचायला सुरुवात केली आणि चौथ्या तिसरीपर्यंत शिंपला पूर्ण साफ होऊ लागला. तांबे असलेल्या टाकीत त्याने हे केले असते असे मला वाटत नाही.

कल्ले_आणि_पर, ठाणे

तिसऱ्यांची युक्ती मी चोरणार आहे. पण टाकी-बदलाबाबत एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण धागाकर्त्याचा शत्रू व्हेल्वेट आहे आणि ७२ तासांचे गणित क्रिप्टोकॅरिऑनच्या चक्रावर बसवलेले आहे. व्हेल्वेटचे चक्र त्याहून लवकर पूर्ण होऊ शकते, त्यामुळे बदलाच्या आधीच नवी पिढी पुन्हा कल्ल्यांत बसू शकते. हीच अडचण कमी क्षारतेच्या उपचाराची: पाण्याच्या खारटपणाचे माप असलेले विशिष्ट गुरुत्व १.००९ वर ३० दिवस ठेवले तर व्हाइट स्पॉट बहुधा जातो, व्हेल्वेट मात्र तेवढ्या गोड पाण्यातही जगतो. आणि त्यासाठीही प्रमाणित द्रावणाने जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर हवा. तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर १.००९ आणि १.०१२ यांतला फरक कळत नाही, परजीवीला मात्र कळतो.

निरीक्षणाच्या बाबतीत आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. मीसुद्धा आलेल्या माशाला पहिल्या दिवशी तांबे देत नाही. आधी तो खाऊ लागला पाहिजे. परंतु दुकानाची बाजू विचारात घ्यावी. पुष्कळ दुकानांत सगळ्या टाक्यांचे पाणी एकच असते आणि त्यात तांबे अपुऱ्या पातळीवर सतत सोडलेले असते. परजीवी मरत नाहीत, दबून राहतात, मासा स्वच्छ दिसतो आणि आपल्या घरच्या तांबेविरहित पाण्यात आल्यावर आठवडाभरात सगळे वर येते. धागाकर्त्याच्या टँगची कथा मला तशीच वाटते. अशा माशाकडे नुसते पाहत बसणे म्हणजे चोर बाहेर पडायची वाट पाहणे झाले. माझा मध्यम मार्ग असा, की मँडरिन आणि नाजूक रॅस यांना आपली पद्धत लावावी; टँग, एंजल, बटरफ्लाय आणि क्लाउन यांना खाणे सुरू झाल्यावर तांबे द्यावे.

क्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाविषयी येथे हमखास विचारले जाते म्हणून लिहितो: प्रतिलिटर १० ते १५ मिलिग्रॅमवर ते व्हेल्वेटला मारते, पण पाण्यात किती उरले हे घरी मोजण्याचे साधन नाही, काही जिवाणू ते खाऊन टाकतात आणि अनेक रॅसना ते सोसत नाही. जे मोजता येत नाही ते मी वापरत नाही.

पुढच्या वेळेसाठी आणखी एक. दुकानदाराला फोन करून त्याच्या पाण्याची क्षारता विचारा आणि विलगीकरणाची टाकी तेवढ्यावरच तयार ठेवा. अनेक दुकाने १.०१८ ते १.०२० वर चालतात. आपल्या १.०२५ मध्ये मासा तासाभरात आणणे त्याच्या शरीराला झेपत नाही, रोज ०.००१ ते ०.००२ एवढेच वाढवा. दूरच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत थेंबथेंब पाणी सोडत तास-दोन तास बसण्याची जुनी रीत सोडून द्या. पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पीएच उतरलेला असतो व त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तापमान जुळवा, क्षारता आधीच जुळलेली असेल, आणि मासा सरळ सोडा. पिशवीतील पाणी मात्र मोरीत.

खारट_पुणेरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवस झाले, म्हणून स्थिती कळवतो.

बांधलेले तांबे पंधरा दिवसांशिवाय मिळणार नव्हते, त्यामुळे शुद्ध प्रतीचे कॉपर सल्फेट आणि कमी पल्ल्याचा चेकर घेतला. मोरचूद बागेत परत गेला. दोन दिवसांत चार भाग घालून रात्री दहा वाजता ०.१८ आले आणि मी निर्धास्त झोपलो. सकाळी सहा वाजता आकडा ०.११ होता. चेकरच बिघडला असे वाटून तीनदा मोजले. तिन्ही वेळा ०.११ च्या आसपासच. मग लक्षात आले, की मादीला पाईपमध्ये करमत नाही असे वाटून मी गणपतीपुळ्याहून आणलेला मोठा शंख आदल्या रात्री टाकीत ठेवला होता. खडक नको, वाळू नको हे मी नीट वाचले होते, पण शंखही त्याच चुन्याचा बनलेला असतो हे डोक्यात आले नाही. शंख काढला, पातळी पुन्हा हळूहळू वर आणली आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरली. त्यानंतर सकाळी ०.१५ ते ०.१६ आणि भरल्यानंतर ०.१८ असा क्रम चालू आहे. अमोनिया दोनदा दिसला, दोन्ही वेळा २० लिटर पाणी बदलले.

मादीचा श्वास आठव्या दिवसापासून मंद झाला. स्वस्थ असताना मिनिटाला कल्ले किती वेळा उघडतात हे मी रोज मोजतो. पहिल्या दिवशी १४० च्या वर होते, आज ८४ आले. दोघेही कोलंबीचे बारीक तुकडे खात आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. प्रॅझिक्वांटेल कधी द्यावे आणि कुत्र्यांच्या जंतांच्या गोळ्या चालतील का? दुसरे म्हणजे, उपचार संपल्यावर हा स्पंज फिल्टर मुख्य टाकीच्या सम्पमध्ये परत ठेवता येईल का?

मोरचूद_आणि_चुना, रत्नागिरी

शंखाचा किस्सा वाचून हसू आले, कारण आमच्या महाविद्यालयीन टाकीत एकाने शोभेसाठी शिंपले ठेवले होते.

तांबे पूर्ण होऊन कार्बनने काढून टाकल्यावर प्रॅझिक्वांटेल द्या. एका वेळी एकच औषध ठेवले तर काही बिघडल्यास कारण कळते. कुत्र्यांच्या बहुतेक गोळ्यांत प्रॅझिक्वांटेलबरोबर पायरँटेल व फेबँटेल मिसळलेले असते, त्या पाण्यात टाकू नका. शुद्ध भुकटी घ्या. प्रतिलिटर २.५ मिलिग्रॅमने ६० लिटरला १५० मिलिग्रॅम होते. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि हवा वाढवा. कृमींच्या अंड्यांवर औषध चालत नाही. त्यातून पिल्ले बाहेर पडल्यावर, म्हणजे आठवड्याने, दुसरी मात्रा द्यावीच लागते. कृमी मुळात आहेत का हे पाहायचे असेल, तर त्याच तापमानाच्या आणि खाण्याच्या सोड्याने पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात मासा पाच मिनिटे धरा. कृमी असतील तर तांदळाच्या कणीसारखे पांढरे होऊन तळाशी पडतात. काळ्या तळाची बादली घ्या, नाहीतर दिसत नाहीत.

स्पंज परत ठेवू नका. तो तांबे धरून ठेवतो, आणि उद्या प्रवाळ किंवा क्लीनर श्रिंप (ज्यांना तांबे सोसत नाही) आणण्याचा विचार आला तर तोच स्पंज आडवा येईल. वाळवून विलगीकरणाच्या सामानातच ठेवा आणि सम्पमध्ये आजच एक नवा स्पंज टाका. खाणे टाकत राहिलात तर ७६ दिवसांत तो उत्तम मुरेल. बादलीवर मात्र जाड मार्करने ‘तांबे’ असे लिहा. आमच्याकडे ती एकदा कपडे भिजवायला गेली होती.